फ्री रेंज अंडी आणि ए टू दूध घेताय, पण जनावर कसं ठेवलंय हे कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की कोथरूडला राहता, घरात दोन लहान मुलं, रोज दूध आणि अंडी लागतातच, वर्षभरापासून साध्या अंड्यांच्या दुप्पट पैसे मोजून 'फ्री रेंज' लिहिलेला बॉक्स आणि काचेच्या बाटलीतलं 'ए टू' दूध घेताय, आणि आता शंका येतेय की त्या कोंबड्या आणि गायी खरंच नीट ठेवलेल्या असतात का, आणि नसतील तर आपण एकट्याने विचारून काय फरक पडणार. मी पशुवैद्य आहे, पोल्ट्री आणि दुधाची जनावरं हेच काम, वीसेक वर्षं होऊन गेली, शिरूर, मंचर, मुळशी, दौंड या पट्ट्यातले शेड आणि गोठे आतून बघितलेत. उत्तर लांबलंय, सवडीने वाचा.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करून घ्या, अंडं बघून कोंबडी कशी जगली ते कळत नाही. कवचाचा रंग जातीवर ठरतो, त्यावरून ना पोषण कळतं ना पाळणूक. बलक गर्द पिवळा निघाला की लोक खूश होतात, पण बलकाचा रंग खाण्यातून येतो, मका जास्त असला, हिरवा पाला मिळाला किंवा खाद्यात झेंडूच्या फुलांचा अर्क घातला की बलक गर्द होतो, आणि तो अर्क पिंजऱ्यातल्या कोंबडीलाही घालता येतो. बाजारात गावठी म्हणून जी छोटी तपकिरी अंडी मिळतात त्यात खरी गावठी किती आणि नुकत्याच अंड्यावर आलेल्या सुधारित जातीच्या तलंगांची (तरुण कोंबड्यांची) किती, हे मलाही नुसतं हातात घेऊन सांगता येणार नाही. खरी गावठी कोंबडी वर्षाला साठ-ऐंशी अंडी देते, मध्येच खुडूक बसते, तर पिंजऱ्यातली लेयर, म्हणजे खास अंड्यांसाठीच्या जातीची कोंबडी, वर्षाला तीनशेच्या पुढे जाते, आता पुण्यातल्या प्रत्येक दुकानात बारा महिने गावठी अंडी कुठून येत असतील याचा हिशोब तुम्हीच करा.

मग लेबल बघायचं का? बघा, पण त्यात काय लिहिलंय आणि काय नाही हे समजून बघा. युरोपात प्रत्येक अंड्यावर शिक्का असतो आणि त्यातला पहिला आकडा पाळण्याची पद्धत सांगतो, 0 म्हणजे सेंद्रिय, 1 म्हणजे बाहेर मोकळ्या फिरणाऱ्या, 2 म्हणजे शेडमध्येच पण मोकळ्या, 3 म्हणजे पिंजरा, पुढे देश आणि फार्मचा नंबर. गृहिणीला बाकी काही वाचता आलं नाही तरी एक आकडा पुरतो. आपल्याकडे असा सक्तीचा शिक्का नाही. आपल्या बॉक्सवर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेचा, 14 आकडी लायसन्स नंबर असतो, तो जरूर तपासा, पण तो बहुतेक वेळा पॅकिंग करणाऱ्याचा असतो, कोंबडी ज्या शेडमध्ये राहिली त्याचा पत्ता त्यातून लागत नाही. 2018 च्या जाहिरात आणि दाव्यांच्या नियमांत 'नॅचरल', 'फ्रेश', 'प्युअर' असे शब्द कधी वापरायचे यावर अटी आहेत, त्या खाद्यपदार्थाच्या अटी आहेत, कोंबडीला बसायला दांडी होती का यावर त्या काही बोलत नाहीत. सेंद्रियसाठी जैविक भारतचा लोगो आहे, त्यामागे निदान प्रमाणपत्राची साखळी तरी असते.

ए टू चं तर वेगळंच आहे. दुधातल्या बीटा केसीन नावाच्या प्रथिनाचा तो एक प्रकार, गायीच्या जनुकावर अवलंबून. ऑगस्ट 2024 मध्ये एफएसएसएआयने कंपन्यांना सांगितलं की ए वन-ए टू चे दावे पाकिटावरून काढा, आणि पाचच दिवसांत ती सूचना मागे घेतली. यातलं चूक-बरोबर काहीही असो, तुमच्या प्रश्नासाठी महत्त्वाचं एवढंच की ए टू दूध देणारी गीर गायसुद्धा दिवसभर दीड हाताच्या दाव्याला बांधलेली असू शकते आणि एचएफ, म्हणजे होल्स्टिन फ्रिजियन ही विदेशी जातीची गाय, मुक्त गोठ्यात आरामात रवंथ करत बसलेली असू शकते. ते दोन अक्षरं गायीच्या जगण्याबद्दल काहीच सांगत नाहीत, आणि मला माहितीये की निम्मे लोक ते 'गायीवर माया असलेलं दूध' या भावनेनेच घेतात.

आता पिंजरा म्हणजे नक्की काय ते सांगतो, कारण बहुतेक ग्राहकांनी तो कधी बघितलेलाच नसतो. लोखंडी जाळीचे खण, एकावर एक रांगा, जाळी पुढच्या बाजूला उतरती म्हणजे अंडं आपोआप घरंगळत बाहेर येतं, खाली विष्ठा पडते. एका कोंबडीच्या वाट्याला आपल्याकडे वर्षानुवर्षं साधारण 450 चौरस सेंटिमीटर जागा आली, ए फोर कागद 620 च्या पुढे भरतो म्हणजे त्याहून कमी. 2017 मध्ये विधी आयोगाने याच विषयावर 269 क्रमांकाचा अहवाल दिला, आणि 2023 मध्ये अंडी देणाऱ्या कोंबड्यांसाठीचे नियम आले, त्यात कमीत कमी 550 चौरस सेंटिमीटर ठरलं, जुन्या फार्मना बदलायला काही वर्षांची मुदत देऊन. म्हणजे नियम पूर्ण पाळला तरी कागदाएवढी जागा होत नाही. युरोपात साधे पिंजरे 2012 पासून बंद आहेत, तिथे जे सुधारित पिंजरे चालतात त्यात 750 चौरस सेंटिमीटर, शिवाय बसायला दांडी आणि अंडं घालायला आडोसा लागतो.

हा आडोसा का लागतो ते एकदा सकाळी पिंजऱ्यासमोर पंधरा मिनिटं उभं राहिलं की कळतं. अंडं द्यायची वेळ झाली की कोंबडी अस्वस्थ होते, मान उंचावून जाळीच्या कडेकडेने पुढे-मागे करायला लागते, इतर कोंबड्यांच्या अंगाखाली शिरायला बघते, चोचीने नसलेलं गवत गोळा केल्यासारखं करते, कारण तिला अंधारा कोपरा पाहिजे असतो, ही ओढ तिच्या अंगातच आहे, तिने कधी आयुष्यात घरटं बघितलेलं नसलं तरी. रोज तेच. खाद्य उत्तम, पाणी चोवीस तास, लसी वेळच्या वेळी, मरतुक कमी, कागदावर सगळं बरोबर दिसतं, आणि तरी हे रोज चालू असतं. दुसरी गोष्ट हाडांची. एका अंड्याच्या कवचात साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम जातं, वर्षाला तीनशे अंडी म्हटल्यावर ते हाडांतूनही ओढलं जातं, त्यात हालचाल नाही, म्हणून शेवटी अंडी कमी झाल्यावर कल बर्ड म्हणून विकायला काढताना पाय धरून ओढल्या की हाडं मोडतात, तो आवाज मी ऐकलाय आणि मला तो अजूनही सहन होत नाही.

कायदा आहे का तर आहे. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 मध्ये स्पष्ट लिहिलंय की प्राण्याला नीट हालचाल करता येणार नाही एवढ्या पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये. कित्येक दशकांपूर्वी ठरलेला आकडा, अजून तोच.

पण म्हणून पिंजऱ्याबाहेर काढलं की कोंबडी सुखी, असं समजू नका, आणि इथे मी तुमच्या बॉक्सकडे येतो. मोकळ्या सोडलेल्या कोंबड्यांचं व्यवस्थापन जास्त अवघड असतं. खाली अंथरलेलं भाताचं तूस ओलं राहिलं की शेडमध्ये अमोनिया साचतो, डोळे सुजतात, तळपायाला फोड येतात. जागा कमी आणि उजेड चुकीचा असला की एकमेकींची पिसं उपटतात, रक्त दिसलं की सगळ्या तुटून पडतात, ते टाळायला लहानपणीच तापलेल्या पात्याने चोचीचं टोक कापतात, पिंजऱ्यातही कापतात आणि फ्री रेंजवाल्यांकडेही बऱ्याच ठिकाणी कापलेलीच पिल्लं येतात. कॉक्सी हा आतड्याचा आजार, जंत, मुळशी-मावळात मुंगूस आणि रानमांजर, एका रात्रीत डझनभर कोंबड्या मारलेल्या बघितल्यात कारण दार नीट लागलं नव्हतं. चांगला मोकळा फार्म आणि चांगला पिंजरा यात मी डोळे झाकून मोकळा फार्म निवडेन, पण गलथान मोकळा फार्म बघितला की जीव तुटतो, आणि दोघांच्या बॉक्सवर शब्द तेच छापलेले असतात.

आणि नर पिल्लांचं काय होतं हे कोणीच विचारत नाही. लेयर जातीचा नर अंडं देत नाही आणि मांसाला भरत नाही, म्हणून हॅचरीत पहिल्याच दिवशी तो वेगळा काढतात आणि बहुतेकांना मारतात. काही पिल्लं रंगवून जत्रेत, शाळेबाहेर विकायला येतात, तुमच्या मुलांनी कधीतरी हट्ट केलाच असेल, ती हीच. जर्मनीने 2022 पासून नर पिल्लं मारण्यावर बंदी घातली आहे. आपल्याकडे फ्री रेंज अंडी देणाऱ्या जातींची पिल्लंसुद्धा कुठल्या ना कुठल्या हॅचरीतूनच येतात, त्यामुळे पिंजरा नसला तरी हा प्रश्न तिथे उरतोच. गिरिराज, वनराज, ब्लॅक ऑस्ट्रालॉर्पसारख्या दुहेरी उपयोगाच्या जाती जिथे पाळतात तिथे नर वाढवून मांसासाठी विकतात, तेवढा फरक आहे.

आता ग्राहकांच्या वागण्याबद्दल, कारण मला खरं हेच लिहायचं होतं. इतक्या वर्षांत मला सोसायट्यांमधून, नातेवाइकांकडून, व्हॉट्सॲपवर शेकडो प्रश्न आले असतील, त्यातले बहुतेक सगळे 'खाऊन आपल्याला काही होणार नाही ना' या एकाच जातीचे. काळजी खोटी नाही, लहान मुलं असलेल्या आईबापाने ती करायलाच पाहिजे. पण त्या प्रश्नाचं उत्तर आणि जनावराच्या हालाचं उत्तर एक नाही, हे दोन वेगळे हिशोब आहेत. ब्रॉयलरचं, म्हणजे मांसासाठी वाढवलेल्या कोंबडीचंच घ्या, सगळे विचारतात हार्मोन्सचं इंजेक्शन देतात ना. नाही देत, गरजच नाही, हजारो पक्ष्यांना एकेक धरून इंजेक्शन देणं परवडणारही नाही. पाच-सहा आठवड्यांत पक्षी दोन किलोचा होतो तो निवड करत करत घडवलेल्या जातीमुळे आणि खाद्यामुळे. पण हार्मोन नाही हे ऐकलं की माणूस निश्चिंत होतो आणि पुढचं विचारतच नाही, की एवढ्या झपाट्याने वाढणाऱ्या त्या पिल्लाचे पाय वजन पेलतात का, त्याचं हृदय साथ देतं का. शेवटच्या आठवड्यात शेडमध्ये गेलात तर पक्षी चार पावलं चालतो आणि बसतो. तो खाणाऱ्याला सुरक्षित आहे, त्याचे हाल मात्र होतायत.

अँटिबायोटिकच्या बाबतीत हे दोन हिशोब एकमेकांना भेटतात. गर्दी, ओलं तूस, खराब हवा, म्हणून आजार, म्हणून औषध. जुलै 2019 मध्ये केंद्राने कोलिस्टिन हे शेवटच्या फळीतलं औषध खाण्याच्या जनावरांसाठी बंद केलं, ते बरंच झालं. 'अँटिबायोटिक फ्री' लिहिलेलं दिसलं तर मी एक प्रश्न विचारेन, पक्षी आजारी पडला तर काय करता? उत्तर 'आमचे पक्षी आजारीच पडत नाहीत' असं आलं तर फोन ठेवा. आजारी जनावराला औषध न देणं हीसुद्धा क्रूरता आहे. योग्य उत्तर असं की डॉक्टर बोलावतो, उपचार करतो आणि औषधाचा अंश शरीरातून जाईपर्यंत तेवढ्या दिवसांचं दूध किंवा अंडी बाजारात देत नाही.

ग्राहक घाबरला की जनावराचं काय होतं तेही सांगतो, कारण हे शहरात दिसत नाही. फेब्रुवारी-मार्च 2020 मध्ये चिकनमधून कोरोना होतो अशी अफवा पसरली. मागणी एकदम बसली. कंपनीच्या करारावर पक्षी वाढवणारा शेतकरी असतो ना, पिल्लं, खाद्य, औषध कंपनीचं, शेड, वीज आणि मेहनत याची, पैसे वजनावर, तर त्या शेतकऱ्याचा माल उचलायला गाडीच येईना. एका पक्ष्याला एक चौरस फूट या हिशोबाने भरलेलं शेड, ते दोन किलोच्या पक्ष्यांसाठी, तिथे पक्षी अडीच-तीन किलोचे झाले, त्यात मार्चचं ऊन, पंखे पुरेनात, दुसरीकडे खाद्य तोडायची वेळ आली. कितीतरी ठिकाणी पिल्लं आणि उबवणीची अंडी नष्ट केली गेली. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रोड, धायरी, किरकटवाडी भागात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे पेशंट वाढले तेव्हा पाण्याबरोबर बोट चिकनकडेही गेलं आणि परत तेच, विक्री खाली. चिकन नीट शिजवून खा एवढं सांगणं पुरेसं होतं. श्रावणातसुद्धा लहान प्रमाणात हेच होतं, मागणी पडते, रेट पडतो, लॉट वेळेवर उचलला जात नाही आणि शेडमधली गर्दी वाढत जाते. श्रावण पाळू नका असं मी कोणाला म्हणणार नाही, आमच्याही घरी पाळतात. तो पंचांगात लिहिलेला असतो, कंपन्यांनी त्या हिशोबाने पिल्लं कमी टाकायला हवीत, काही टाकतातही. अफवेचं मात्र कोणालाच आधी कळत नाही.

हे झालं कमी मागणीचं, आता सारख्या मागणीचं. मुळशीकडे एक तरुण शेतकरी आहे, दोन-तीनशे कोंबड्या, खरोखर मोकळ्या, आंब्याच्या बागेत दिवसभर उकरत फिरतात, रात्री आत. पुण्यातल्या चार-पाच सोसायट्यांना थेट अंडी द्यायचा. थंडीत दिवस लहान झाला, काही कोंबड्या पिसं गाळायला लागल्या आणि अंडी निम्म्यावर आली, हे नैसर्गिक आहे, व्हायलाच पाहिजे. ग्रुपवर मेसेज सुरू, भैया आज पण नाही का, मग आम्ही दुसरीकडून घेतो. सगळी एकाच साइजची का नाहीत, एकावर माती का आहे. माणसं जातील या भीतीने त्याने आजूबाजूची अंडी विकत घेऊन बॉक्समध्ये भरायला सुरुवात केली. मला त्यानेच सांगितलं, लपवलं नाही. आता यात लबाड कोण म्हणायचं? बारा महिने, एकसारखी, स्वच्छ, वाट्टेल तेवढी, असं ज्याला पाहिजे त्याला शेवटी पिंजऱ्यातलीच अंडी मिळणार, बॉक्सवर काहीही लिहिलेलं असो. नंतर एका सोसायटीतल्या ताईंनी पुढाकार घेऊन ठरवलं की महिन्याचे पैसे आगाऊ द्यायचे, जेवढी येतील तेवढी सगळ्यांत वाटून घ्यायची, कमी आली तर कमी. त्या एका सोसायटीला तो आता फक्त स्वतःची अंडी देतो.

दुधाकडे वळतो. गावातल्या संकलन केंद्रावर दूध घालताना मशीन काय मोजतं? फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ. गायीच्या दुधाला 3.5 आणि 8.5 लागलं की पूर्ण रेट. गाय दावणीला बांधलेली होती की मोकळी, लंगडत होती का, वासराला दूध मिळालं का, याचा त्या पावतीवर रकाना नाही. शंभर घरचं दूध एका टाकीत, तिथून टँकरमध्ये, आणि तुमच्या पिशवीपर्यंत येताना कुठल्या गोठ्यातलं हे शोधायची सोयच उरत नाही. गंमत नाही, खरंच वाईट वाटतं, कारण जनावराच्या कानात आता 12 आकडी पिवळा बिल्ला असतो, लसीकरणापासून रेतनापर्यंत नोंद त्यावर होते, म्हणजे धागा गोठ्यापर्यंत आलेला आहे, तो फक्त ग्राहकापर्यंत जोडलेला नाही.

चांगली बातमी अशी की आपल्याकडे शेतकऱ्यांनी स्वतःहून एक मोठा बदल केलाय, मुक्त संचार गोठा. चारही बाजूंनी कुंपण, मध्ये सावली, एका बाजूला गव्हाण, दुसऱ्या बाजूला पाण्याची टाकी, गाय मोकळी. दुभती एचएफ दिवसाला ऐंशी-शंभर लिटरपर्यंत पाणी पिते, बांधलेल्या गायीला आपण दोनदा-तीनदा पाजणार, मोकळी गाय पाहिजे तेव्हा पिते, पाहिजे तिथे बसते, खांबाला अंग घासते, माजावर आलेली पटकन दिसते. पुणे, नगर, सातारा भागात शेकडो शेतकऱ्यांनी हे कोणाच्या दयेपोटी केलं नाही, मजुरी वाचते, दगडीचा, म्हणजे कासेच्या सुजेचा त्रास कमी होतो आणि दूध टिकतं म्हणून केलं. अशा गोठ्याचं दूध वेगळं गोळा करून 'मुक्त गोठ्याचं दूध' म्हणून पुण्यात विकलं गेलं, लिटरमागे चार पैसे जास्त मिळाले, तर पुढचे हजार शेतकरी खुंटे उपटतील, याची मला खात्री आहे.

पान्हा सोडवायला ऑक्सिटोसिन हे हार्मोन टोचतात का, हे तुम्ही विचारलंय. काही जण टोचतात, विशेषतः वासरू मेलेल्या म्हशीला. 1960 च्याच कायद्याच्या कलम 12 मध्ये दूध वाढवण्यासाठी जनावराला अपाय करणारं इंजेक्शन देण्यावर बंदी आहे, आणि तिथे मात्र दोन वर्षांपर्यंत कैद आहे. लोकांना भीती असते ते दुधात उतरण्याची, मला काळजी आहे रोज दोनदा जबरदस्तीने कळा आणल्या जाणाऱ्या त्या म्हशीची. वासरू जवळ असलं, धार काढणारा माणूस रोजचा असला, अंगावरून हात फिरवला, समोर मूठभर पेंड टाकली तर बहुतेक जनावर पान्हा सोडतं.

आणि वासरू म्हटल्यावर गोऱ्ह्याचं, म्हणजे नर वासराचं बोलायलाच लागतं. आमच्या ओळखीत कितीतरी शाकाहारी माणसं अशी आहेत ज्यांना वाटतं हा सगळा विषय मांसाहारी लोकांचा आहे. एचएफ गायीला गोऱ्हा झाला तर शेतकऱ्याला त्याचा काहीच उपयोग नसतो, खांदा ओढकामाचा नाही, ऊन सोसत नाही, ट्रॅक्टर दारात उभा आहे. 2015 पासून राज्यात गोवंश हत्याबंदी आहे त्यामुळे तो कत्तलीसाठी विकताही येत नाही. काही शेतकरी वाढवतात, काही गोशाळेत देतात, आणि काही गोठ्यांत त्याला दूधच पाजलं जात नाही, आठ-दहा दिवसांत तो जातो. हे लिहिताना बरं वाटत नाही पण पारदर्शकता पाहिजे असेल तर हे माहिती असायला पाहिजे. यावर उपाय आलाय, लिंगनिश्चित रेतमात्रा, त्याने शंभरात नव्वदच्या आसपास कालवडी (मादी वासरं) होतात, सरकार अनुदानही देतं. तुमच्या दूधवाल्याला ती वापरता का एवढं विचारा, त्याला विषय लगेच कळेल.

चिकनच्या दुकानाबद्दल दोन ओळी. सगळ्या साखळीत हा एकच टप्पा तुम्हाला रोज उघड्या डोळ्यांनी दिसतो. जाळीचा पिंजरा उन्हात, पक्षी चोच उघडून धापा टाकतोय, पाण्याचं भांडं नाही. रात्रभर क्रेटमध्ये प्रवास करून आलेला असतो तो. दुकानदाराला शांतपणे म्हणा, दादा सावलीला घ्या आणि पाणी ठेवा, मी उद्यापासून हे बघूनच चिकन घेणार. पाच गिऱ्हाईकांनी म्हटलं की ठेवतात, मी बघितलंय, त्याला खर्च शून्य आहे.

तुमचा शेवटचा प्रश्न, एकट्याने विचारून फरक पडतो का. माणूस मत एक देतो आणि खरेदी दुसरीच करतो, हे जगभर आहे. कॅलिफोर्नियात 2008 मध्ये कोंबड्यांना पंख पसरण्याइतकी जागा द्या या प्रस्तावाला जवळपास 63 टक्के लोकांनी हो म्हटलं, पण तेव्हा दुकानात तीच माणसं बहुतेक पिंजऱ्यातलीच अंडी घेत होती. ते लोक खोटारडे नव्हते, एकट्याच्या पिशवीने काही होत नाही असं प्रत्येकाला वाटत होतं आणि नियम सगळ्यांना सारखा असला तर द्यायची तयारी होती. तिथे 2018 मध्ये पिंजऱ्यातल्या अंड्यांची विक्रीच बंद करणारा कायदा मतदानाने आला आणि 2023 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याला धक्का लावला नाही. म्हणून मी म्हणतो विचारा, पण एकट्याने नको, सोसायटी म्हणून, ऑफिसचं कँटीन म्हणून, मुलांच्या शाळेत अंडं देत असतील तर पालक म्हणून विचारा. पन्नास डझन घेणाऱ्याच्या प्रश्नाला फार्मवाला कागद काढून उत्तर देतो.

आणि विचारताना 'कोंबड्या सुखी आहेत का' असं विचारू नका, हो असंच उत्तर येणार. मोजता येईल असं विचारा. शेड किती फुटाचं आणि आत पक्षी किती. बसायला दांड्या आहेत का, किती कोंबड्यांमागे एक घरटं. बाहेर रोज किती तास सोडता आणि पावसाळ्यात काय करता. चोच कापलेली आहे का. मागच्या महिन्यात मरतुक किती, वही बघायला मिळेल का. अंडी कमी पडली तर बाहेरून आणता का. दूधवाल्याला गाय बांधलेली की मोकळी, एक गाय गोठ्यात किती वेत (बाळंतपणं) राहते, गोऱ्हे कुठे आहेत, औषध चालू असताना दूध कुठे जातं. अर्ध्या प्रश्नांची सरळ उत्तरं आली तरी दुप्पट पैसे द्या, आनंदाने द्या. एकाचंही उत्तर नाही आलं तर तो जास्तीचा पैसा छपाईला जातोय, कोंबडीला नाही, तेव्हा बदला. माझ्या अंदाजाने तुमच्या बॉक्सवाल्याला तुम्ही अजून एकदाही फोन केलेला नाही, बॉक्सवर नंबर असतो, आजच करा.

फार्म बघायला जायचं ठरलं तर डिसेंबरच्या सकाळी जाऊ नका, तेव्हा सगळेच फार्म छान दिसतात. एप्रिल-मेमध्ये दुपारी दोनला जा. शेडमध्ये सोडलं नाही तर लगेच संशय घेऊ नका, बर्ड फ्लू, रानीखेत असे कोंबड्यांचे साथीचे रोग बाहेरच्या माणसाच्या बुटातून येतात, चांगला फार्मवाला तुम्हाला जाळीबाहेरूनच दाखवेल. आदल्या दोन-तीन दिवसांत दुसऱ्या पोल्ट्रीत गेला असाल किंवा घरी पक्षी पाळले असतील तर आधी सांगा. जाळीशी उभे राहिलात की खाली उकिडवे बसा, कोंबडीच्या नाकाच्या उंचीवर, अमोनिया खालीच जाणवतो, मिनिटभरात डोळे चुरचुरले तर कोंबडी तिथे चोवीस तास असते. मूठभर तूस मागून हातात दाबा, गोळा झाला तर ओलं आहे, भुरभुरलं तर ठीक. पाठीवरची, शेपटीची पिसं बघा. एखाद-दुसरी मातीत लोळून धूळस्नान करताना दिसली पाहिजे. गोठ्यात गेलात तर गायींच्या मागच्या पायाचे गुडघे बघा, सुजलेले, सोललेले असतील तर बसायची जागा कडक आहे. दुपारच्या वेळी निम्म्याहून जास्त गायी बसून रवंथ करत असायला पाहिजेत. पाण्याच्या टाकीत हात घाला, आतून शेवाळ लागलं तर टाकी महिनोन्महिने धुतलेली नाही. मुलांना बरोबर न्या, फक्त गायीच्या मागून जाऊ देऊ नका आणि परत निघताना सगळ्यांचे हात साबणाने धुवा.